समुद्र ५:५२ ला येतो

४ मे, सोमवार

मुलीचा फोन. सुट्टीत सगळ्यांनी मिळून समुद्रावर जायचं ठरलंय. ठरलंय म्हणजे तिने ठरवलंय. जागा म्हणे फार सुंदर आहे. उंच कड्यांच्या कुशीत छोटीशी पुळण, चंद्रकोरीसारखी वाळू, निळंशार पाणी, गर्दी अजिबात नाही. तिथे गाडी जात नाही. कड्याच्या टोकाला वळसा घालून खडकांवरून चालत जायचं, आणि ती वाट फक्त ओहोटीला उघडी असते.

मी लगेच हो म्हटलं. आवाज नॉर्मल होता. फोन ठेवल्यावर दोन ग्लास पाणी प्यायलो. पाणी पिताना मला काहीही त्रास होत नाही, हे इथे मुद्दाम नोंदवतो.

मधेच नातीने फोन घेतला होता. वय सात. बोलण्यात दहातले नऊ प्रश्न, म्हणून मी तिला प्रश्नपेढी म्हणतो. तिने विचारलं, समोर पाण्यात कासवासारखा एक खडक आहे, आईने फोटो दाखवला, तिथपर्यंत मला पाठीवर बसवून पोहत न्याल का. मी म्हटलं, हो, न्यायला काय झालं.

न्यायला काय झालं, हे तोंडातून आपोआप गेलं.

खुलासा, फक्त माझ्यासाठी. कॉलेजात असताना मी पुराची नदी पोहून पार केली आणि वाहून चाललेलं वासरू कानाला धरून काठावर आणलं, ही हकीकत आमच्या घरात तीस वर्षं चालू आहे. मुलगी लहानपणी जेवायची नाही, तेव्हा ती सुरू झाली. त्या वेळी नदी साधारण आमच्या गल्लीएवढी रुंद होती. मुलगी वाढली तशी नदीही वाढली. नातीच्या काळात पलीकडचा काठ दिसेनासा झालाय.

मला पोहता येत नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. मी अजून पोहलेलो नाही, इतकंच. बारा दिवस हातात आहेत. माणूस बारा दिवसांत काय करत नाही!

संकल्प: १६ तारखेच्या आत पोहायला शिकणे.

५ मे, मंगळवार, सकाळी ६:१५

बादलीत तोंड बुडवण्याचा सराव. पहिला प्रयत्न, नाकाचं टोक ओलं. दुसरा, ओठ. तिसऱ्यात पूर्ण चेहरा, तीन सेकंद. त्या तीन सेकंदांत जे आठवायचं नाही ते सगळं आठवलं.

अंघोळीत डोक्यावर पाणी घेतानाही मी डोळे उघडे ठेवतो. साबण जातो डोळ्यांत, जाऊ दे. समोरून काय येतंय ते दिसलेलं बरं.

बायकोने बाहेरून विचारलं, आत काय चाललंय, कोणाला बुकलताय. नळ तपासतोय म्हटलं.

७ मे, गुरुवार

लायब्ररीतून पोहण्याचं पुस्तक आणलं. पहिली अठरा पानं वाचून झाली. ती प्रस्तावना निघाली. एकोणिसाव्या पानावर लिहिलंय की पाण्यावर विश्वास टाका. कोणाच्या ओळखीवर टाकायचा?

पलंगावर पालथं पडून हातपाय मारण्याचा सराव केला. लय सापडत होती. तेवढ्यात पलंगाची मधली फळी मोडली. बायको धावत आली. पाठीचा व्यायाम आहे, डॉक्टरांनी सांगितलाय, असं सांगितलं. कोणत्या डॉक्टरांनी, असं तिने विचारलं नाही. नुसतं बघितलं आणि फळीखाली दोन जुने पाट लावून गेली.

८ मे, शुक्रवार, दुपारी १:००, ऑफिस

आजचा दिवस सोन्याचा!

मुलीने भरती-ओहोटीच्या तक्त्याचा फोटो पाठवला. १६ मे: ओहोटी ११:४०, भरती ५:५२. बघता बघता माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. समुद्राला वेळापत्रक असतं! हे इतकी वर्षं मला कोणी सांगितलं कसं नाही?

वेळापत्रक म्हटल्यावर मग विषय माझा. एकतीस वर्षं मी बस डेपोच्या वेळापत्रक विभागात आहे. माझ्या कागदावर आजवर एकही बस उशिरा आलेली नाही. रस्त्यावर काय होतं ते वाहतूक विभागाने बघावं.

तर हिशोब सरळ आहे. समुद्र ११:४० ला सुटतो. ५:५२ ला परत येतो. मधले सहा तास बारा मिनिटं जागा मोकळी. कासवाचा खडकही कोरडा पडणार. म्हणजे पोहण्याचा प्रश्नच नाही. प्रश्नपेढीला हाताला धरून चालत नेईन, खडकावर बसवीन, फोटो काढीन. अरेरे, आज नेमकं पाणी नाही, नाहीतर आजोबांनी दाखवलं असतं, असं म्हणता येईल.

पोहण्याचं पुस्तक परत केलं. 

९ मे, शनिवार

कार्यक्रम टाइप करून घरच्या ग्रुपवर टाकला.

११:४० समुद्राचे प्रस्थान, आपलेही प्रस्थान. १२:०५ आगमन. १२:३० जेवण. १:३० ते ५:०० करमणूक. ५:०० परत निघणे. ५:५२ समुद्राचे आगमन. राखीव वेळ बावन्न मिनिटे.

मुलीने अंगठा पाठवला. जावईबापूंचा फोन आला. ते चष्म्याच्या दुकानात असतात, मितभाषी आहेत. जरा चाचरत म्हणाले, पाणी एकदम पाच बावन्नला येईल की हळूहळू येत राहील? मी म्हटलं, जावईबापू, बस काय तुकड्या-तुकड्यांनी येते का, आधी टायर, मग खिडक्या, मग कंडक्टर? ते गप्प झाले. जावई समजूतदार मिळाला.

१२ मे, मंगळवार, ऑफिस

जेवणानंतर टेबलावर डुलकी लागली. स्वप्नात रेकॉर्ड रूममध्ये पाणी शिरलेलं. फायली तरंगतायत आणि एका फायलीवर प्रश्नपेढी बसून मला हाक मारतेय. दचकून उठलो. शिपायाने विचारलं, साहेब, एवढा घाम का? पंख्याची तक्रार नोंदवायला सांगितली.

भीती वगैरे नाही. वेळापत्रक माझ्या खिशात आहे.

१५ मे, शुक्रवार, संध्याकाळी ६:३०

पोहोचलो. लॉज छोटं, स्वच्छ. खोलीच्या खिडकीतून थेट समुद्र. पडदा लावून घेतला, ऊन येत होतं. सूर्य इमारतीच्या मागच्या बाजूला आहे असं बायको म्हणाली. तरी प्रकाश येतोच.

लॉजच्या मालकीणबाई जरा विचित्र आहेत. उद्या जायचं तर दहाला जा आणि एकच्या आत परत या, म्हणाल्या. वर, उद्या अमावस्या आहे, पाणी जास्त चढतं. मी हसून सांगितलं, बाई, मी अमावस्या-पौर्णिमा मानत नाही. मग त्यांना कार्यक्रम दाखवला आणि तक्ता कसा वाचायचा तेही समजावलं. त्या बराच वेळ कागदाकडे बघत होत्या. आयुष्य समुद्रकाठी काढलं, पण साधं वेळापत्रक वाचता येत नाही. चालायचंच.

जाताना विचारलं, किती माणसं आहात. पाच, म्हटलं. त्यांनी बोटावर मोजलं. उगाच चौकशा.

१६ मे, शनिवार, सकाळी ९:५०

मुलीने घाई सुरू केली आहे. मालकीणबाईंनी दहा सांगितलंय, असं तिचं म्हणणं. मी ठाम. ११:४० म्हणजे ११:४०. गाडी सुटायच्या आधी फलाटावर गर्दी करण्यात अर्थ नसतो. सगळे व्हरांड्यात बसलेत. प्रश्नपेढीने पोहण्याचा पोशाख घातलाय आणि ती पायरीवरून उड्या मारतेय. तिने वर्गात सगळ्यांना सांगितलंय म्हणे, माझे आजोबा मला पाठीवरून समुद्रात नेणार. बाईंनी त्यावर निबंध लिहून आणायला सांगितलाय.

निबंधाचं कोणी सांगितलं नव्हतं मला.

११:४०

ठोक्याला निघालो. समुद्र आधीच गेलेला दिसतोय. खडक चांगले वाळलेत. वेळेआधी सुटणं हा आमच्याकडे गुन्हा धरला जातो.

१२:०५

आगमन, मिनिटाचाही फरक नाही.

जागा खरंच देखणी आहे. तिन्ही बाजूंना तांबूस कडा, सरळ उभा. मधे आमच्या डेपोच्या आवाराएवढी वाळू. पाणी पार लांब, शांत. बायकोने चपला काढल्या आणि वाळूत पाय रोवून उभी राहिली. इतकी खूश तिला बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती.

फक्त एक. कासव कोरडं पडलेलं नाही. त्याच्या चारी बाजूंना पाणी आहे.

१२:१५

प्रश्नपेढी हात धरून ओढतेय. आत्ता जाऊ या. म्हटलं, आधी जेवण. जेवणावर एक तास पाण्यात उतरत नाहीत. मग आपण जेवायलाच नको ना, म्हणाली. लगेच डबे उघडले. उकडलेली अंडी, ब्रेड, काकडी. मी चार अंडी खाल्ली. पचायला जितकं जड तितकं बरं.

मी समुद्राकडे पाठ करून बसलोय. कडा बघायला आवडतो म्हणून.

१:१५

बायको म्हणाली, सतरंजी ओली कशी झाली. बाटली सांडली असेल म्हटलं. मागे वळून बघितलं. बाटली नव्हती. समुद्र होता.

चार तास सदतीस मिनिटं लवकर! हे कोणत्या नियमात बसतं? सतरंजी वर ओढली. पहिली लाट चुकार असू शकते. जादा गाडी सोडतात तशी.

१:३५

सतरंजी तिसऱ्यांदा हलवली.

मुलगी परतीची वाट तपासायला गेली होती. परत आली ती धावतच. तोंडचं पाणी पळालेलं. आपण आलो ती वाट नाही म्हणाली. नाही म्हणजे? तर पाण्याखाली आहे. जावईबापू बघून आले. टोकाशी पाणी कमरेच्या वर, आणि लाट आली की माणूस खडकावर आपटेल. फोनला रेंज नाही. माझ्या नाही, मुलीच्या नाही, जावईबापूंच्या नाही.

कोणी माझ्याकडे बघून काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

१:५०

वाळू आता आमच्या बाहेरच्या खोलीएवढी उरली आहे. लाटा मोजतोय. दर सात-आठ लाटांनंतर एक पुढे सरकते. या वेगाने किती वेळ आहे ते काढायला बसलो होतो. आकडा आला. खोडला. परत काढला. तोच आला.

तक्ता खिशातून काढून पुन्हा वाचला. ११:४० ओहोटी. ५:५२ भरती. छापील आहे. चुकीचं छापलेलं नाही. मग समुद्राला कळत कसं नाही?

२:१०

कड्याला लागून कातळाचा एक कट्टा आहे, पुरुषभर उंच. त्यावर चढलो. आधी प्रश्नपेढी, मग बायको. तिचा गुडघा धरलेला आहे, तिला वर घेताना जावईबापूंची बोटं सोलवटली. ती एकदाही ओरडली नाही. वर आल्यावर माझ्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाली, तुम्ही मागे टेका, कड्याला. कडेला नका बसू.

थंडी आहे, म्हणून अक्षर असं येतंय. 

मे महिन्यातली दुपार आहे हे मला माहीत आहे.

२:२५

सगळ्यांत एक माणूस घाबरलेलं नाही. प्रश्नपेढी. पाय हलवत बसलीय. आजीने तिला जवळ घेऊन विचारलं, तुला भीती नाही ना वाटत. ती म्हणाली, कशाला, आजोबा आहेत ना. मग तिने सगळ्यांना योजना सांगितली. आजोबा एकेकाला पाठीवरून नेतील. आधी आजी, तिचा गुडघा दुखतो म्हणून. मग मी. मग आई. बाबा शेवटी, कारण बाबा जड आहेत. पुराच्या नदीपेक्षा हे सोपं आहे, इथे पलीकडचा काठ तरी दिसतोय.

जावईबापूंनी मान खाली घातली. पण मुलीने माझ्याकडे बघितलं. बत्तीस वर्षांची बाई, दोन फोन आणि एक ऑफिस सांभाळते, आणि तिच्या डोळ्यांत तोच जेवणाच्या ताटापुढचा भाव होता. बाबा, जमेल? एवढंच म्हणाली.

माझ्या पोटात जो गोळा आला तो अंड्यांचा नव्हता.

म्हटलं, जरा थांबू या. योग्य लाट बघतोय.

२:५०

हे आत्ता लिहितोय. घडलं त्याला पंधरा मिनिटं झाली.

प्रश्नपेढीची एक चप्पल कट्ट्यावरून खाली पडली. गुलाबी, नवी. कट्ट्याच्या खाली खडकाची एक पायरी आहे, तिच्यापाशी ती चप्पल तरंगत होती. मुलगी आणि जावई रेंज मिळते का बघत फोन उंच धरून उभे होते. बायको पिशवी बांधत होती. मी एकटा बघत होतो. ती उठली आणि सरळ खालच्या पायरीवर उतरली. एक पाय पाण्यात घातला. मागे वळून माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, मी गेले तर तुम्ही काढालच मला, कानाला धरून.

आणि दुसरा पाय उचलला.

माझे पाय हलले नाहीत. लिहितो, कारण हे खरं आहे. मी जागचा हललो नाही. फक्त ओरडलो. इतक्या जोरात मी जन्मात ओरडलेलो नाही. म्हटलं, थांब! मला पोहता येत नाही! मला अजिबात पोहता येत नाही! नदी नव्हती, वासरू नव्हतं, काही नव्हतं! तू बुडालीस तर मी तुला काढू शकणार नाही!

ती थांबली. एका पायावर, तशीच. जावईबापूंनी वरून वाकून तिच्या दंडाला धरून तिला उचललं. पुढची लाट आली ती त्या पायरीवरून माझ्या छातीएवढी गेली. चप्पल कुठे गेली ते दिसलं नाही.

मी घाबरलो आहे. थंडी नाही, ऊन नाही, अंडी नाहीत. अकरा वर्षांचा होतो तेव्हापासून रोज घाबरतोय.

प्रश्नपेढी आईच्या कुशीत आहे. माझ्याकडे बघत नाही.

३:२०

होडी!

मालकीणबाईंचे दीर घेऊन आलेत. एकपर्यंत पाच माणसं परत आली नाहीत तर जाऊन बघा, असं त्यांनी काल रात्रीच सांगून ठेवलं होतं म्हणे. तरी होडी बाहेर काढायला वेळ गेला, लाटा मोठ्या आहेत. होडीवाल्यांनी सांगितलं, होडी खडकाला लावता येणार नाही, फुटेल. बारा-पंधरा पावलं पाण्यातून यावं लागेल. कमरेएवढं आहे, दोर धरा आणि या.

प्रश्नपेढी जावईबापूंच्या खांद्यावर. मुलगी दोराला धरून. मग बायको. गुडघा धरलेला, लाटेत दोनदा झोकांडी गेली, पण गेली. होडीत चढल्यावर वळून माझ्याकडे बघत राहिली.

जहाजाचा कॅप्टन शेवटी उतरतो. म्हणून मी मागे थांबलो होतो.

खोडलं. दोर हातात होता आणि पाऊल उचलत नव्हतं म्हणून थांबलो होतो.

चार वेळा हाका मारल्यावर होडीवाले स्वतः आले. माझ्याहून दहा वर्षांनी मोठे असतील. माझ्यासमोर पाठ करून वाकले. मी बसलो.

तर असा मी पाण्यातून पाठीवर बसून गेलो. ठरल्याप्रमाणेच, फक्त पाठ दुसऱ्याची होती. डोळे उघडे ठेवले होते.

४:१५, लॉज

होडीत मी होडीवाल्यांना तक्ता दाखवला होता. भिजून लगदा झाला होता, पण आकडे दिसत होते. ते म्हणाले, बरोबर आहे की. ११:४० ला पाणी सगळ्यात खाली जातं आणि तिथून वळतं. मग येतच राहतं, ५:५२ पर्यंत. म्हणजे ११:४० ला समुद्र सुटत नाही. ११:४० ला तो शेवटच्या स्टॉपवरून परत फिरतो. आणि आम्ही बरोबर त्याच मिनिटाला, रुबाबात, त्याच्या वाटेवर जाऊन बसलो.

जावईबापूंनी हे शब्दशः विचारलं होतं. मला चहा आणून दिला. त्यांनी टोमणा मारला असता तर निदान चिडता आलं असतं.

१७ मे, रविवार, परतीच्या गाडीत

प्रश्नपेढी खिडकीशी बसलीय. सकाळपासून एकही प्रश्न नाही. इतकी शांतता मला त्या कट्ट्यावरही वाटली नव्हती.

बायकोला म्हटलं, तुला मी सांगायला हवं होतं. ती म्हणाली, काय, पोहता येत नाही ते? मला लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात कळलं होतं. डोळे सताड उघडे ठेवून डोक्यावर पाणी घेणारा माणूस नदी कशी पार करेल? मग बोलली का नाहीस? तर म्हणाली, पोरगी जेवत होती ना त्यावर.

तीस वर्षं मी एका माणसाला फसवतोय असं समजत होतो. ते माणूस मी निघालो.

दुपारी १:००

प्रश्न आला! बाहेर बघत बघतच तिने विचारलं, मग वासरू बुडलं का?

म्हटलं, वासरू नव्हतंच बेटा.

मग कोण होतं?

मग सांगितलं. बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. अकरा वर्षांचा होतो, तळ्याच्या पायरीवर शेवाळ होतं, घसरलो. डोळ्यांसमोर हिरवं पाणी, वर बघतोय तर उजेड लांब लांब जातोय. काठावर एक बाई कपडे धूत होती. लुगड्यासकट उतरली आणि हाताला जे लागलं ते धरून मला बाहेर ओढलं. कान लागला. डावा. अजून थंडीत दुखतो.

तिने बराच वेळ माझा डावा कान बघितला. मग हात लावून बघितला. आणि म्हणाली, म्हणजे वासरू तुम्हीच होतात.

मुलगी पुढच्या सीटवर बसली होती. तिने मागे न वळता माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

१८ मे, सोमवार, ऑफिस

भरती-ओहोटीच्या तक्त्यात सुधारणा सुचवणारं पत्र लिहायला घेतलं. 'पाणी परत फिरण्याची वेळ' असा वेगळा रकाना हवा, सामान्य नागरिकाची दिशाभूल होते वगैरे. दीड पान झालं. मग आठवलं की लॉजच्या मालकीणबाईंनी हा रकाना मला तोंडी सांगितला होता, तोही फुकट. दहाला जा, एकच्या आत या.

पत्र फाडलं. बाईंना आभाराचं कार्ड पाठवलं.

संध्याकाळी प्रश्नपेढीचा फोन. निबंध लिहून झाला. शीर्षक बदललंय, काय ते सांगणार नाही म्हणाली. आणि अट घातली आहे. तिच्या स्विमिंग पुलावर १ जूनपासून नवशिक्यांची बॅच आहे. सकाळी ७:१०. ती तिथेच शिकते, पलीकडच्या खोल बाजूला असते. मी यायचंच.

म्हटलं, हो, यायला काय झालं.

संकल्प: जूनअखेर पुलाची पूर्ण लांबी. पंचवीस मीटर म्हणजे काहीच नाही. आमच्या डेपोत दोन बस एकामागे एक लावल्या की तेवढंच अंतर.

३१ मे, रविवार

गॉगल, टोपी, टॉवेल, शिट्टी. पिशवी भरून दाराशी ठेवली. शिट्टी कशाला, असं बायकोने विचारलं. बुडताना बोलता येत नाही, पण फुंकता येईल. बुडताना फुंकता तरी कसं येईल, म्हणाली. शिट्टी काढून ठेवली.

पुलाची खोली फोन करून विचारली. उथळ बाजूला सव्वातीन फूट. सहा वर्षांच्या मुलांना पुरते म्हणाले. तळ दिसतो का, हेही विचारलं. दिसतो. पाणी कधी भरतात आणि कधी सोडतात, हेही विचारलं. त्यांनी फोन ठेवला.

सगळी माहिती हाती आहे. चुकायला जागाच नाही.

१ जून, सोमवार, सकाळी ८:२०

७:०९ ला पोहोचलो. एक मिनिट आधी. पाणी आधीच आलेलं होतं.

बॅचमध्ये आम्ही सात जण. बाकी सहांची वयं मिळून माझ्यापेक्षा कमी. शिकवणाऱ्या बाई तरुण आहेत, मला काका म्हणतात. म्हणाल्या, काका, आज फक्त चार पायऱ्या उतरायच्या, तळाला पाय टेकायचे, बस. सहाही पोरं एका दमात उतरली आणि एकमेकांवर पाणी उडवू लागली.

मी पहिली पायरी उतरलो. ७:२५ ला दुसरी. दांडा दोन्ही हातांनी धरला होता. पाणी गुडघ्याला लागलं आणि छाती अशी धडधडायला लागली की शेजारच्या पोराला ऐकू गेली असेल. बाई म्हणाल्या, भीती वाटतेय का काका? म्हटलं, हो. तोंडातून आपोआप गेलं.

खोल बाजूने प्रश्नपेढी पोहत आली. सगळी लांबी, एकदाही न थांबता. माझ्यासमोर उभी राहिली, गॉगल वर केला आणि दोन्ही हात पुढे करून म्हणाली, या वासरू.

पोरं हसली. बाई हसल्या. मी दांडा सोडला नाही. पण तिसरी पायरी उतरलो, आणि घंटा होईपर्यंत तिथेच उभा राहिलो. ती बाकीची पोरं गेली तरी गेली नाही. कान धरून उभी होती. माझा, डावा.

आजची प्रगती: तीन पायऱ्या. उरल्या: एक पायरी आणि पंचवीस मीटर.